गेणूतात्यांचा वळसा

गेणूतात्यांना रस्ता विचारू नये. विचारलाच, तर ते सांगतील तिकडे जाऊ नये. मंचरपासून नारायणगावापर्यंत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त शनिवार-रविवारी पुण्याहून सायकली हाणत येणाऱ्या मंडळींना, आणि तात्यांची सगळी भिस्त त्यांच्यावरच.

मी ज्या पेट्रोल पंपावर कामाला आहे, त्याच्या समोर रस्त्याला फाटा फुटतो. नवा रस्ता टेकडी फोडून सरळ जातो. जुना डाव्या हाताला घोड नदीकडे उतरतो, उसाच्या फडांतून काठाकाठाने भटकतो, आणि मग आठवण झाल्यासारखा वळून टेकडीवर चढतो. चढ असा की बैलसुद्धा मध्ये थांबून मालकाच्या तोंडाकडे बघतो. माथ्यावर एकच घर आहे. तिथून उतरला की हा रस्ता परत नव्या रस्त्यालाच मिळतो. म्हणजे ज्याला जुन्नरला जाऊन शिवनेरी बघायचा आहे, त्याला या वळशाची काडीची गरज नाही.

ती गरज तात्या पैदा करतात. फाट्यावरच्या चिंचेखाली पांढरी टोपी, लेंगा आणि शेजारी काळी सायकल अशी त्यांची बैठक असते. पुण्याची मंडळी थांबते.

"काका, शिवनेरीला हाच रस्ता ना?"

"हाच व्हता. आता न्हाई. फुडं खिंडीत बिबट्या बसलाय."

"दिवसाढवळ्या?"

"त्याला कुठं ड्यूटीचा टाइम असतो?"

कोणी मोबाईल काढून नकाशा दाखवला, तर तात्या तो हातात घेऊन लांब धरतात, जवळ धरतात, आणि परत देतात. "ह्याच्यात सावली दाखवत्यात का? खड्डं दाखवत्यात का? मग काय उपेग. जुन्या रस्त्यानं जा, राव. सपाट हाय, झाडी हाय, नदीचा गारवा हाय." सपाट म्हणताना त्यांची पापणी हलत नाही.

मंडळी उतरायला लागली की तात्या उठतात. चिंचेमागून एक पायवाट थेट माथ्यावर जाते. त्या वाटेने सायकल ढकलत ते वर पोचतात, टोपी झटकतात आणि आपल्या ओट्यावर असे बसतात, जणू सकाळपासून तिथेच आहेत. बऱ्याच वेळाने ती माणसं चढ चढून येतात. तोंडं लाल, माना खाली. "या पावणं," तात्या म्हणतात, "टेका जरा. भाकर तव्यावरच हाय."

"अहो, तुम्ही मघाशी खाली होतात ना?"

"त्यो माझा भाऊ."

तात्यांना भाऊ नाही.

सायकलींबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "स्टँड न्हाई, क्यारेज न्हाई, मडगार्ड न्हाई. नुसता सांगाडा. मेलेल्या सायकलवर बसून फिरत्यात." पण सायकलवाल्यांवर जीव. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "गाडीवाल्याला घाई असती, सायकलवाल्याला भूक असती." आलेल्या माणसाला नुसतं बघून ते मला सांगायचे, "ह्यो न्हाई खायचा. खिशात केळी हायेत." किंवा, "ह्यो पिठाचं पानी पितोय बाटलीतनं. सोड त्येला." आणि कोणी जाडसर, घामाघूम, मागे राहिलेला गडी दिसला की त्यांचे डोळे चमकायचे. "ह्यो आपला."

मी इथला नाही. जिंतूर तालुक्यातला. सातवीतून शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत इतक्या लांब आलो. पहिल्या दिवशी याच चिंचेखाली मी तात्यांना पेट्रोल पंप कुठे म्हणून विचारलं. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं आणि उशीर झाला तर काम जाईल ही धास्ती होती. तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लई लांब हाय. बसा क्यारेजला," म्हणाले, आणि मला घेऊन पायवाटेला लागले. चढावर मीच सायकल मागून ढकलली. वर मला पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळाला. खाऊन झाल्यावर त्यांनी मला परत खाली आणून सोडलं, तेव्हा कळलं की पंप माझ्या पाठीमागेच होता, जाहिरातीच्या मोठ्या फळीआड. मला राग यायला हवा होता. मी त्यांच्या पाया पडलो.

भाकरी वाढणारी त्यांची बायको, हौसाबाई. माथ्यावरचं ते घर म्हणजे पूर्वीची खानावळ. सगळा रस्ता तिथून वाहायचा तेव्हा ट्रकवाले, बेल्ह्याच्या बाजाराला जाणारे व्यापारी, सगळे हौसाबाईच्या हातचं खाऊन जायचे. तिचा नेम असा, की गिऱ्हाईक जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. मग टेकडी फुटली, रस्ता सरळ झाला, खानावळ बसली. काही वर्षांनी हौसाबाईच्या डोक्यातलं एकेक पुसायला लागलं. रस्ता गेला हे पुसलं, खानावळ बंद झाली हे पुसलं. नेम तेवढा राहिला.

रोज सकाळी ती चूल पेटवते, भाकऱ्या थापते आणि वाटेकडे बघत बसते. पाहुणा आला, जेवला, की स्वतः जेवते. नाही आला, तर नाही जेवत. तात्यांनी हात जोडून बघितलं, रागावून बघितलं. भोसरीला राहणारा त्यांचा मुलगा येऊन रडून गेला. "आमच्याकडं आणा," म्हणाला. तात्या म्हणाले, "तिथं चौथ्या मजल्यावर कोन वाटसरू येनार हाय?" डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. शेजारपाजारचे येऊन बसले, पण ते तिला चालेनात. "ही तर आपलीच मानसं. गिऱ्हाईक कुठं हाय?"

मी एकदा विचारलं, "तात्या, लोकांना खरंच सांगा ना. येतील की ते."

"सांगितलं व्हतं एका टोळीला," तात्या म्हणाले. "आली बिचारी. गुमान बसली. घास घेत्यात आन् तिच्याकडं बघत्यात. डोळ्याला रुमाल काय लावला, भाकरीची तारीफ काय केली. ती आत येऊन मला म्हनती, 'पावणं आजारी हायेत का वो? कुनी गेलंय का त्यांच्यात?' ताट झाकून ठिवलं, आन् पडून ऱ्हायली." मग मला नेहमीसारखी गावाच्याच नावाने हाक मारून ते म्हणाले, "जिंतूर, दयेनं खाल्लेलं तिला कळतं रं. आयुष्यभर मानसं जेवताना बघितल्यात तिनं."

म्हणून तो चढ. माणूस माथ्यावर येईपर्यंत खरा भुकेला झाला पाहिजे.

सोमवार ते शुक्रवार सायकली येत नसत. त्या दिवसांचा पाहुणा मी झालो. दुपारी सुट्टी झाली की पंपावरच्या पोराची सायकल घ्यायची, जुन्या रस्त्याने नदीकाठाने जायचं, चढ चढायचा आणि धापा टाकत ओट्याशी उभं राहायचं. मी मुळात भित्रा. दोन भाकरी खाल्ल्या तर हावरट दिसेन का, एकीवर थांबलो तर तिला संशय येईल का, या काळजीने मी घास मोजत राहायचो. पण ती समोर बसायची, गुडघ्यावर हनुवटी टेकून.

"कोन गाव, पावणं?"

"जिंतूर."

"लांबचं दिसतंय. घरी कोन कोन?"

मी सांगायचो. आई, बायको, एक मुलगी. मुलगी काय शिकते, आईच्या गुडघ्यांचं काय झालं. ती सगळं मन लावून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून विचारायची. मी परत सांगायचो. या मुलखात माझ्या घरच्यांची विचारपूस करणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या पोटात तिच्या भाकरी गेल्या त्याचं ऋण आहेच. पण या रोजच्या विचारण्याचं काय करू, ते मला कळत नाही.

मग सायकली कमी झाल्या. कोणीतरी तात्यांचा फोटो काढून आपल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला, की फाट्यावरच्या या म्हाताऱ्याला रस्ता विचारू नका. एकाने तो मलाच दाखवला, सायकलमध्ये हवा भरता भरता, हसत. फोटोत तात्या नव्या रस्त्याकडे बोट दाखवून काहीतरी थाप मारत होते. रविवारी मंडळी त्यांच्यासमोरून हात हलवून सरळ निघून जायला लागली. तात्या चिंचेखालून उठून रस्त्यावर उभे राहायचे. "खिंडीत दोन बिबटं हायेत," ओरडायचे. कोणी थांबत नसे.

आता आठवडाभराचा पाहुणा मीच. आणि एका दुपारी मी ओट्याशी पोचलो, कपाळाचा घाम पुसला, तर हौसाबाई दारातून म्हणाली, "आलास व्हय रं? किती उशीर. हात धू आन् चुलीम्होरं बस. पोरीचा ताप उतरला का?"

मुलीच्या तापाचं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

गाव सोडल्यापासून मला कोणी 'आलास का' म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी तात्यांकडे बघितलं, त्यांनाही आनंद झाला असेल म्हणून. तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग माझ्याही ध्यानात आलं. मी घरचा झालो होतो. आता माझ्या जेवण्याचा काही उपयोग नव्हता.

मी जेवलो. हौसाबाई वाटेकडे बघत बसली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तात्या फाट्यावर मोटारींना आडवे जायला लागले. एका ट्रकवाल्याने शिवी दिली, एका मोटारसायकलवाल्याने भिकारी समजून सुट्टे पैसे काढले. मी पंपावर तेल भरत होतो, पण नळी कुठे धरली आहे याचं भान नव्हतं, शेठ ओरडले. पुढच्या दिवशी तर हौसाबाईला चुलीपासून उठवेना.

मी तिच्यापाशी बसून लसूण सोलत होतो, तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली.

ओट्याशी तात्या उभे होते. डोक्याला पंपावर कोणीतरी टाकून गेलेलं चिरलेलं हेल्मेट, डोळ्यांवर काळा गॉगल. एरवी मला हसू आलं असतं. पण सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि पाय लटपटत होते. ते पायवाटेने आले नव्हते. खाली उतरून, नदीकाठचा सगळा वळसा घालून, तो चढ त्या वयात सायकलने चढून आले होते. सकाळपासून चहाही घेतला नव्हता. खोटी भूक तिच्यापुढे चालत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्यांनी गॉगल काढला. मी लसूण खाली ठेवला. तिने ओळखलं, तर ती आजही उपाशी राहणार होती. आणि तात्या तिच्याकडे असे बघत होते, की वाटावं, ओळखलं तर बरंच होईल.

"या पावणं," हौसाबाई भिंतीला धरून उठली. "लई दमल्यालं दिसताय. कोन गाव?"

तात्यांनी सायकल ओट्याला टेकवली. मग म्हणाले, "निरगुडसर."

"अगं बाई. माझं माह्यार त्ये. कुनाच्यातलं तुमी?"

"त्या गावचा जावई हाय मी."

"मग तर बसाच. जावयाला उपाशी धाडू न्हाई." तिने ताट घेतलं, भाकरी मोडून वाढली, ठेचा वाढला, वर तेल सोडलं. मला म्हणाली, "पावण्यांना पानी दे रं." मी तांब्या भरून तात्यांसमोर ठेवला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

ती समोर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकून. "आमचं मालक बी तिथलंच जावई," म्हणाली.

"कुठं हायेत मालक?" तात्यांनी घास हातात धरून विचारलं.

"फाट्यावर. गिऱ्हाईक बघाया बसत्यात. कुनी आलं न्हाई तरी बसत्यात, उन्हातान्हाचं. बोलाया भारी हायेत, पन जिवाला लई लावून घेत्यात." तिने त्यांच्या ताटात आणखी चतकोर टाकली. "वाटंत दिसलं तर सांगा, घरी या म्हनावं. त्यांची भाकर झाकून ठिवलीया."

"सांगतो," तात्या म्हणाले.

सगळं ताट त्यांनी संपवलं. जेवण झाल्यावर पाहुण्याला निघावं लागतं. तात्यांनी हेल्मेट घातलं, तिला नमस्कार केला आणि सायकल धरून रस्त्याला लागले. उताराच्या तोंडाशी थांबून त्यांनी मागे बघितलं. मी दारात उभा होतो. आत हौसाबाईने ताट वाढून घेतलं होतं आणि पहिला घास मोडला होता.

मी तात्यांना नुसती मान हलवून दाखवली. मग ते उताराला लागले.