भुजंगमामानं विमान पारखलं

भुजंगमामा एसटीत बसायच्या आधी गाडीला एक चक्कर मारायचा. म्होरून बघायचा, मागून बघायचा, बोनेटवर थाप द्यायचा आन् मंगच पायरीवर पाय ठेवायचा. कंडक्टर खवळायचा. मामा थंडपणे सांगायचा, बसायच्या आधी जनावर बघावं लागतं.

मामा हिंगोलीच्या बाजारात बैलांचा दलाल. त्याच्या हिशोबानं दुनियेत दोनच जाती, गरीब आन् मारकं. आमच्या हेडमास्तरला त्यानं नुसतं लांबून बघितलं आन् मला बजावलं, "मारकं हाय. मागून जाऊ नको." मी कायम म्होरूनच गेलो, तरी मार खाल्लाच.

मी गल्लीतला नकल्या. मामाची नकल काढताना धोतराचा सोगा काखेत, एक डोळा बारीक, "गरीब हाय, पण चालीचं हाय" असं म्हणलं की बायाबी भांडी घासायची सोडून हसायच्या. मामा समोर उभा राहून बघायचा आन् चूक काढायचा, "खांदा जरा पाड, तवा मी वाटशील."

तर असा हा मामा एक दिवस म्हणाला, चल माझ्यासंगं, विमान घ्यायचंय. तुला हिंदी येती.

विमान खेळण्यातलंच, पण खरंखुरं उडणारं. हातात एक डबा धरायचा, डब्यावर दोन दांड्या. दांडी हलवली की वर विमान वळतं, मधी ना तार ना दोरी. मामाचा एकुलता पोरगा मिलिंद, बांगलादेशच्या लढाईनंतर हवाई दलात मेकॅनिक म्हणून लागला. आमच्या सायबाची पोरं असली विमानं उडवतात, असं तो एकदा सुट्टीत मित्राला सांगत होता. मामानं ते भिंतीआडून ऐकलं. मामा विमान घेणार म्हणल्यावर गल्ली पोट धरून हसली. मामी म्हणाली, ह्या माणसाला म्हातारपणी पंख फुटून राहिले.

सिकंदराबादला एका दुकानात आढ्याला तीन विमानं टांगलेली. शेठनं आधी लालभडक काढलं. पंख खाली, नाक टोकदार. बोलला, "चाचा, इसकी रफ्तार देखो."

मामानं ते जमिनीवर ठेवायला लावलं आन् भवताली फिरला. पाठीवर हात फिरवला. नाक वर करून तोंडात बघितलं आन् मला हळूच म्हणाला, "दात न्हाईत. वय कसं कळावं?" शेठ माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, देख रहे हैं, देखने दो.

लाल विमान नापास. पळायचा माज हाय, म्हणे. दुसरं नुसतंच देखणं, मिरवणुकीतल्या बैलावानी. तिसरं कोपऱ्यात धूळ खात होतं. पंख पाठीवर, रुंद, जाडजूड. पोटाला जोड दिलेला. शेठ ते दाखवायलाच लाजत होता. ये तो सीखनेवालों का है, बोलला, धीमा चलता, हाथ छोड़ दो तो खुद सीधा हो जाता.

मी मराठीत सांगितलं तसा मामाचा बारीक डोळा मोठा झाला. "म्हंजे कासरा सुटला तरी आपसूक नांगराच्या तासाला लागतं? हेच पाहिजे. नवशिक्या गड्याला म्हातारा बैल द्यावा."

मंग मामानं खांद्यावरचं उपरणं काढून शेठच्या हातावर टाकलं आन् खालून त्याची बोटं दाबायला लागला. आमच्याकडं जनावराचा भाव असाच होतो, तोंडानं कुणी बोलत न्हाई. शेठ ततपप करून राहिला. त्याला वाटलं, म्हातारा हात पिरगाळून गल्ला मागून राहिला. ती भानगड निस्तरता निस्तरता माझी सगळी हिंदी संपली.

परतीच्या गाडीत मामानं विमान मांडीवर घेतलं, नव्या करडावानी. मी नकल काढली तर हसला न्हाई. खिडकीभायेर बघत म्हणाला, "मिलिंद सुट्टीवर येतो. मी म्हणतो, जेवलास? तो म्हणतो, जेवलो. झालं. मंग तो मित्रांकडं, मी बाजारात. त्याला बैल कळत न्हाई, मला विमान कळत न्हाई. बाप-लेकानं बोलावं काय?"

मी बाहीनं विमानाच्या पंखावरची धूळ पुसायला लागलो.

मंग कनेरगाव नाक्याकडच्या कापणी झालेल्या रानात शिकवणी सुरू झाली. मामा घाबरला की दांडी विसरायचा आन् आभाळाकडं बघून "हो, हो, हो!" करून हाकारायचा. विमान बाभळीत. सरस लावून जोडायचं, पुन्हा वर. विमान आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथं मी तर पार गांगरायचो. मामाला ते बराबर कळलं. म्होरून येणाऱ्या बैलाचा डावा आपला उजवाच असतो, म्हणे.

दिवाळीपर्यंत मामा विमान असं उतरवायला लागला की चाकाखालचं ढेकूळबी फुटू न्हाई. मी त्याची नवी नकल बसवली. मिलिंदला दाखवायला कवा मिळती, असं झालं होतं मला.

मिलिंद आला. तिसऱ्या दिवशी मामा त्याला रानात घेऊन गेला, मीबी गेलो. मामानं डबा उलटा धरला. ही दांडी कशाची रे, असं विचारलं. विमान वर गेलं, दारू प्यायल्यावानी डुललं आन् नाक खाली करून निघालं.

"बाबा! सोडा, सोडा, असं न्हाई!" मिलिंद धावला. बापाच्या मागं उभा राहिला, दोन्ही हातांवर हात ठेवले आन् विमान सावरलं. काहून येत न्हाई तुमाला, असं वरखाली, हळू, म्हणत तो बोलत राहिला. एवढं बोलताना मी त्याला कवा ऐकलंच न्हवतं.

मी तोंड उघडलं. मामानं माझ्याकडं बघितलं. मी मिटलं.

सुट्टी संपेस्तोवर रोज सांजंला तेच. मामा रोज नवीन चूक करायचा आन् पोरगा रोज हात धरायचा. शेवटी मिलिंद वैतागला.

"बाबा, हे काय तुमाला लवकर जमायचं न्हाई."

मामा वर बघत होता. "न्हाई ना?" म्हणाला. "मंग फुडच्या सुट्टीत पुन्हा पयल्यापासून सांग."