जनीमावशींचा काळा टोप

कुठल्याही धातूला नुसता हात लावून मी त्याचं नाव सांगू शकतो, असं मी १९५७ सालच्या दिवाळीपर्यंत चारचौघांत बिनदिक्कत सांगत असे. का सांगू नये? पनवेलच्या हायस्कुलात अकरा वर्षं मी शास्त्र शिकवत होतो. कुठला धातू पाण्याला घाबरतो, कुठला आम्लात फसफसतो आणि कुठला कशालाच दाद देत नाही, हे मला माझ्या सासरच्या माणसांच्या स्वभावापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

त्या ज्ञानाच्या जोरावर एका रविवारी सकाळी मी बायकोला म्हटलं, "वेणू, आज आपण घरी साबण करायचा."

वेणू तांदूळ निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, "आपण म्हणजे कोण?"

"मी करणार. तू नुसतं खोबरेल कोमट करून दे."

साबणाला लागतं काय? तेल आणि कॉस्टिक सोडा. सोडा मी मुंबईहून आणून ठेवला होता. चिनी मातीच्या बरणीत पाणी घेऊन त्यात तो विरघळवला. बरणी बाहेरून तापली, तेव्हा वेणू दोन पावलं मागे सरकली. ही संधी साधून मी तिला भांड्यांबद्दल चार गोष्टी सांगितल्या. हे पाणी लोखंडाला काही करत नाही. पितळेची चकाकी घालवतं. पण अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मात्र ते अक्षरशः खाऊन टाकतं. तेव्हा साबण घोटायला हवी लोखंडाची मोठी कढई.

"आपल्याकडे नाही," वेणू म्हणाली.

"जनीमावशींकडे आहे."

जनीमावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो आणि मधलं परस दोघांचं होतं. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातली बाई, आवाज असा की तळ्याच्या पलीकडचा धोबीही दचकावा. मी कढई मागितली, तर त्या म्हणाल्या, "कढई चुलीवर हाय मास्तर, भात उकडतंय. तुमी ह्यो टोप न्या. मोठा हाय."

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला एक टोप पायाने माझ्याकडे ढकलला. बाहेरून त्यावर बोटभर काजळी, आतूनही करडाकाळा. मी तो उचलला, बोटाने वाजवला आणि समाधानाने घरी आणला.

"किती हलका आहे हो," वेणू म्हणाली.

"पत्रा पातळ आहे."

"लोखंडाचाच आहे ना?"

अकरा वर्षं शिकवणाऱ्याला असं विचारतात का? शाळेत चुंबक होतं. एक मिनिटाचं काम. पण चुंबक लावून बघणं म्हणजे वेणूची शंका मान्य करणं.

टोप परसात, तुळशीपासून दूर मांडला. सोड्याचं पाणी अजून चटका बसेल इतकं गरम होतं. निवू द्यायला हवं होतं, हे मलाही माहीत होतं. पण बायको बघत असली की माणूस घाई करतो. मी बरणी वाकवली.

क्षणभर काही झालं नाही. मग टोपाच्या बुडातून शेवया तळताना येतो तसा आवाज यायला लागला. बुडबुडे आले, बुडबुड्यांचा फेस झाला, फेस वर चढू लागला आणि खोकला आणणारी वाफ निघाली. खाली चूल नाही, निखारा नाही, आणि टोप खदखदा उकळतो आहे.

तेवढ्यात शेजारचा काशीराम गवळी विडी ओढत कुंपणाशी आला. "मास्तर, जाळाबिगर उकळी?"

"काशीराम, विडी विझवा आधी," मी ओरडलो. "यातून निघतोय तो हायड्रोजन आहे, पेट घेईल."

काशीरामने विडी मातीत चिरडली आणि स्वतः कुंपणाआड बसला. तिथून त्याने आळीला बातमी दिली, की मास्तरांनी परसात काहीतरी पेटणारं सोडलंय. पाच मिनिटांत कुंपणावर आठ डोकी दिसू लागली.

एव्हाना मला सगळं कळून चुकलं होतं. फेस जिथे जिथे खाली बसत होता, तिथे टोपाचा आतला काळेपणा जाऊन लख्ख पांढरा धातू दिसत होता. लोखंड असं कधी दिसत नाही. माझ्या डोळ्यांदेखत मी शिकवलेला धडा टोप वाचून दाखवत होता.

"टोप चांदीचा झाला," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं.

"अहो," वेणू हळूच म्हणाली, "हे पाणी खाऊन टाकतं म्हणालात, तो धातू तर नव्हे हा?"

"कोकमाचं आगळ आण," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

सोडा मारायला आम्ल हवं, आणि घरात आंबट असं तेवढंच होतं. वेणूने वर्षाचं आगळ भरलेली बरणी आणली. माझ्याकडे तिने जसं बघितलं, ते मी इथे लिहीत नाही. मी लांबूनच धार सोडली. लालभडक आगळ टोपात पडलं आणि पडताक्षणी आधी जांभळं, मग निळं, मग हिरवं झालं. कुंपणावरच्या दोन डोक्यांनी हात जोडले.

ओरड ऐकून जनीमावशी भाताचा झारा हातात घेऊन आल्या. त्यांनी हिरवा फेस पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "साबन ह्योच काय?"

त्याच वेळी टोपाच्या बुडातून, नेमकं घासून झिजलेल्या जागी, बारीक धार लागली. हिरवं पाणी परसातून वाहू लागलं. मी पाण्याच्या बादल्या ओतत सुटलो, वेणू सगळ्यांना मागे रेटत होती. उकळी शेवटी थांबली. मी टोप काठीने वर उचलून धरला तर बुडाला रुपयाएवढं भोक, आणि त्यातून स्वच्छ आभाळ दिसत होतं.

"मावशी," मी मान खाली घालून म्हणालो, "चूक माझी आहे. हा अ‍ॅल्युमिनियमचा टोप होता. मी लोखंडाचा समजलो."

"भामाचा हाय तो," मावशी म्हणाल्या. "लग्नात आणलेला. आज येतायत ती दोघं, बाराच्या यष्टीनं."

भामा म्हणजे त्यांची सून. मुलगा तुळशीराम मुंबईला गोदीत होता. सुनेच्या लग्नातलं भांडं भाडेकरूने वितळवलं, म्हणून सासू-सुनेत वाद झाला तर आम्ही त्या आळीत राहायचं कसं? मी काही बोलायच्या आत वेणू घरात गेली आणि तिच्या माहेरचं पितळेचं मोठं पातेलं घेऊन आली. नुकतीच कल्हई केलेलं, आतून दुधासारखं पांढरं. "मावशी, हे भामाला द्या," ती म्हणाली. देण्याआधी तिने ते पदराने पुन्हा एकदा पुसलं. मला टोपापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाराच्या यष्टीने भामा आली. मी दारातच सगळं कबूल केलं. तिने टोपाच्या भोकातून बोट घातलं, पितळेच्या पातेल्यावर हात फिरवला आणि पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, की हे खरंच तिचं झालं. मग म्हणाली, "मास्तर, त्या टोपात भात लागायचा. पन लग्नातला म्हून टाकवत नव्हता." तुळशीराम हसत हसत पाठमोरा झाला. संध्याकाळी भामाने वेणूला आगळाची नवी बाटली आणि मला वाळवलेल्या सोड्यांची पुडी आणून दिली. इथल्या बायका सुक्या कोळंबीला सोडे म्हणतात. माझ्या हातात पुडी देताना म्हणाली, "ह्यो सोडा खायाचा हाय."

रात्रीची जेवणं झाल्यावर जनीमावशी एकट्याच आमच्या दाराशी आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलल्या.

"मास्तर, ते औषद उरलंय काय?"

"कशाला हो?"

"माज्याकडं तसलेच दोन टोप हायत. नणंदेनं दिलेत, घासून घासून हात मोडलं. पितळ कवा घेनार मी?"

मी त्यांना समजावलं, की ते पाणी अंगावर उडालं तर कातडी जाते, आणि पुन्हा मी त्याला हात लावणार नाही.

"मी नायच लावत हात," त्या म्हणाल्या. "तुमीच या. रविवार बरा हाय तुमाला."

पुढच्या रविवारी मी शाळेत जादा तास ठेवला. विषय व्याकरण होता.