धोंडजी अस्वल आणि हुशार डबा

एका जंगलात, मुलांनो, धोंडजी नावाचं एक अस्वल राहायचं. मांडी घालून नीट बसा. या गोष्टीत एक डबा आहे, आणि तो तुमच्यापेक्षा हुशार आहे असं दरबाराचं म्हणणं आहे.

तर हे धोंडजी भारी बोलके. कुठल्या पोळ्यातला मध चांगला, कुणाचं लग्न कुणामुळे मोडलं, सगळ्यावर त्यांचं मत ठरलेलं. एका सकाळी ते जांभळाखाली धाडकन कोसळले. लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा पंजा लुळा पडला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला. "हो."

"अहो, पाणी देऊ?" त्यांची बायको, पार्वताक्का, विचारायची.

"हो."

"की मध देऊ?"

"हो."

"माझी आई यायची म्हणतेय. महिनाभर राहील."

"हो," म्हणताना धोंडजींचे डोळे भरून यायचे. डोक्यात सगळे शब्द जागच्या जागी होते, पण तोंड उघडलं की हा एकच मेला पुढे घुसायचा. स्वतःच्याच जिभेचा असा राग त्यांना जन्मात आला नव्हता.

रोज सकाळी सगुणा साळुंकी यायची. वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हे तिचं काम. ती समोरच्या फांदीवर बसायची, चोचीने ताल धरायची आणि एकेक शब्द गाऊन म्हणायची. मग थांबायची. फार वेळ थांबायची. जंगलात दुसऱ्या कुणालाच एवढी सवड नव्हती.

"ना...ही," सगुणा गायची.

"हो," धोंडजी म्हणायचे.

"असू दे बाबा. उद्या परत करू."

चार महिन्यांनी नुसता "ना" फुटला. त्या दिवशी पार्वताक्काने शेजारच्या सायाळीलासुद्धा मध पाठवला, आणि त्या दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

तेवढ्यात कोल्ह्याने डबा आणला. कोल्हा म्हणजे दरबाराचा आरोग्य सल्लागार. आरोग्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, त्यामुळे सल्ला देणं त्याला सोपं जायचं. डबा चकचकीत होता. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचा. बरोबर असलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल.

"आज बरं वाटतंय?" डब्याने विचारलं.

"हो."

हिरवा दिवा. "शाब्बास, धोंडजीराव. दहापैकी दहा."

"कालच्यापेक्षा सुधारणा आहे?"

"हो."

पुन्हा हिरवा. आठवड्याभरात धोंडजी सगळ्या जंगलात पहिले आले. त्यांना अजून पाणी मागता येत नव्हतं, पण ते डब्याने विचारलंच नव्हतं.

कोल्हा सिंहमहाराजांकडे गेला. "महाराज, एवढा गुणी डबा असताना साळुंकी कशाला? ती नुसती थांबून राहते."

"पेशंटला विचारा," महाराज म्हणाले. "आमच्या राज्यात कुणावर जबरदस्ती होत नाही."

सोमवारी दरबार भरला. एक "हो" निसटला की सगुणा गेली, आणि तिच्याबरोबर उरलेले सगळे शब्द गेले, हे धोंडजींना पक्कं ठाऊक होतं. कोल्ह्याने डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"यापुढे साळुंकी नको, फक्त डबा. मंजूर?" डब्याने विचारलं.

"हो" दातांपर्यंत आला. धोंडजींनी तो गिळला. डाव्या पंजाने जमिनीवर ताल धरला. घाम फुटला. सगळे ताटकळले, कोल्ह्याने दोनदा जांभई दिली. आणि मग...

"ना...ही."

पार्वताक्का तोंडावर पंजा धरून रडायलाच लागली. डब्याचा दिवा मात्र लाल झाला.

"चूक," डबा म्हणाला. "घसा साफ करून पुन्हा बोला."

"नाही," धोंडजी म्हणाले. या वेळी खणखणीत.

"चूक."

तुम्ही म्हणाल, हे असं कसं? अरे बाळांनो, डब्यात शब्द भरायला कोल्ह्याने दरबारातलं वर्षभराचं बोलणं गोळा केलं होतं. वर्षभरात महाराजांपुढे हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. मग बिचाऱ्या डब्याला तो कळणार कुठून?

"बघा महाराज," कोल्हा म्हणाला. "काल दहापैकी दहा, आज शून्य. साळुंकीच्या नादाने पेशंट हातचा गेला."

महाराज जरा मागे सरकून बसले होते. तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "हे पसरणारं आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"लक्षणं तर तशीच दिसतात."

झालं. सगुणेला नदीपलीकडे पाठवलं आणि धोंडजींना आणखी एक डबा मिळाला. आता ते दिवसभर दोन डब्यांपुढे बसतात. दोन्ही विचारतात, बरं वाटतंय? ते म्हणतात, नाही. दोन लाल दिवे लागतात आणि प्रकृती चिंताजनक असल्याचं दरबाराला कळतं.

परवा पार्वताक्का त्यांच्याशेजारी येऊन बसली. "अहो," ती म्हणाली, "सगुणेची आठवण येते ना?"

धोंडजींना या वेळी शब्द शोधावा लागला नाही. "हो," ते म्हणाले, आणि डाव्या पंजाने जमिनीवर तिचा ताल धरला.

लगेच दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे झाले. "शाब्बास, धोंडजीराव. सुधारणा आहे."

तात्पर्य, वहीत नीट उतरवून घ्या: आजारातून उठायचंच असेल, तर डब्याला समजेल एवढंच उठावं. त्याहून जास्त बरं होणं तब्येतीला घातक असतं.