कोतवालांच्या घरचे रुखवत आणि मागील दार

श्रीउंबरठादेवी कडीकोयंड्यासहित प्रसन्न असो. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, माघ शुद्ध पक्षी एका राज्याचे कसबे शहरी जो तंटा जाहला तो जैसा घडला तैसा लिहिला असे. कोणास झोंबल्यास झोंबो.

त्या शहरी द्वारकाबाई कासार मंगलकार्यालय चालवीत होत्या. पूर्वसाली शेजारील पेठेत एके कार्यालयी लग्नाचे मांडवास आग लागली, आणि मागील दारास कुलूप, आणि दारापुढे वधूकडील रुखवताचे टेबल, मग माणसे धावत दारापाशी आली ती तेथेच राहिली, आणि त्यांत द्वारकाबाईंची धाकटी बहीण सुमन होती. तेव्हां शहराचे कोतवाल उदाजीराव यांणी हुकूम फर्माविला की, कार्य चालू असता मालकाने मागील दार उघडे व मोकळे राखावे, न राखील त्याचे कार्यालयास टाळे ठोकून मोहोर करावी. हुकूम खासा! बाईंणी तो मागील दाराशेजारी भिंतीवर रंगवून घेतला, आणि रुखवत मांडावयास आलेल्या बायकांशी रोज कंबर कसून भांडू लागल्या.

मग योग ऐसा की, खुद्द उदाजीरावांचे कन्येचे लग्न त्याच कार्यालयी ठरले, आणि कोतवालीणबाई लवाजम्यानिशी येऊन रुखवत मांडत्या जाहल्या, आणि कोठे मांडिले? मागील दारापुढेच. मध्यभागी काडेपेटीच्या काड्यांचा राजवाडा, बुरुजांसकट! द्वारकाबाई म्हणाल्या, "वहिनीसाहेब, येथे नाही. खिडकीकडे मांडा."

"अगं बाई! खिडकीकडे कोण बघणार? फोटो इथंच छान येतात."

आणि उदाजीराव फेटा सावरीत आले आणि बोलिले, "बाई, एका दिवसाने काय आभाळ कोसळते? हुकूम आम्हीच लिहिला, त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक."

"लिहिला तुम्ही, पण मेली माझी बहीण!" ऐसे बोलून बाईंणी टेबल हिसका देऊन हातभर ओढिले, आणि खुर्ची आणून दारात ठाण मांडून बसल्या, आणि म्हणाल्या, "रुखवत येथून हलेतो मंगलाष्टके नाहीत." मग भटजी अंतरपाट धरून उभे, आणि पाहुणे मुठीत अक्षता घेऊन उभे, आणि मुहूर्त तर कोणासाठी थांबत नाही. तेव्हां नवरी मुलगी शालूचा पदर खोचून पुढे आली, आणि तो काड्यांचा राजवाडा दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी नेऊन ठेविती जाहली, आणि आईस म्हणाली, "पुरे आता, आई. माझं लग्न आहे, प्रदर्शन नाही." मग टेबलही मागोमाग खिडकीशी गेले, बाई उठल्या, दार मोकळे जाहले, अक्षता पडल्या, जेवणे उत्तम जाहली.

परंतु कोतवालांचे तळपायाची आग मस्तकास गेली. निघते समयी फर्माविले की, "मालकिणीने स्वतः दारात बसून वाट अडविली, हा हुकूमभंग. उद्या सकाळी टाळे!" म्हणजे पाहा! बाई भांडारात जाऊन रडल्या, कारण कार्यालय गेले तर भाकरी गेली. मग नाक पुसले, "थांब मेल्या," म्हणाल्या, आणि सांजवेळी नामा सुतारास बोलावून पुढील, मागील, यच्चावत दारे बिजागऱ्यांतून काढविली, आणि टेंपोत घालून त्याचे वखारीस रवाना केली.

दुसरे दिवशी प्यादे टाळे, लाख, मोहोर घेऊन आले, आणि पाहतात तो आत रिक्षावाल्याचे मुलीचे लग्न लागलेले, सनई चाललेली, आणि दारच नाही! कडी नाही, कोयंडा नाही, टाळे लावावे कशास? खासे उदाजीराव धावून आले, आणि चौकटी चाचपून मागील अंगास आपल्याच हुकुमाखाली उभे राहिले. बाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "साहेब, वाचून पाहा. 'उघडे व मोकळे' म्हटले आहे. याहून मोकळे कसे करू? आलात तर जेवून जा." कोतवाल न जेवता परत गेले, आणि प्यादे मात्र जेवून गेले.

इतकी हकीकत. त्या चौकटी आजतागायत रिकाम्या आहेत. चोरीची भीती नाही काय, ऐसे कोणी पुसिले तर द्वारकाबाई म्हणतात, "भांडी गेली तर नवी घेईन."