गुलाबी पट्ट्याचं घड्याळ

मन्मथअप्पा रोज सकाळी बायकोचं घड्याळ घालून फिरायला निघायचे. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, भरघोस मिशा आणि मनगटावर गुलाबी पट्ट्याचं बायकी घड्याळ. आमच्या लातूरच्या गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. मी शिक्षक असल्यामुळे तोंड फिरवून हसायचो.

अप्पांची हयात भुसाराच्या दुकानात गेली. 'माप पुरं पायजे' हे त्यांचं पालुपद. गिऱ्हाईकाला ज्वारी मोजून दिली की वर एक ओंजळ टाकायचेच. कीर्तन लवकर आटोपलं तरी बुवांना गाठून ऐकवायचे, "महाराज, माप पुरं पायजे."

घड्याळ महानंदाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. काकूंच्या किडन्या निकामी झाल्यापासून दिवसाआड डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, मीठ जपून खायचं आणि रोज थोडं चालायचं. घड्याळ डायलिसिस केंद्रातूनच मिळालेलं. ते पावलं मोजतं आणि मोबाइलच्या ॲपवर दाखवतं, तिकडे सिस्टरलाही दिसतं. पावलं भरली तर हिरवं हसरं तोंड, नाही तर लाल रडकं.

डायलिसिसहून आल्यावर काकू गळून पडायच्या, चालणार कुठून? रोज लाल तोंड. "शाळंत बी मी कदी नापास झाले न्हाई," म्हणत पदर डोळ्याला लावायच्या. अप्पांनी हे थोडे दिवस सोसलं आणि मग घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं.

तोंड हिरवं झालं. सिस्टर खूश झाली आणि तिनं पावलं वाढवून दिली. अप्पांनी तीही भरली. तिनं आणखी वाढवली. अप्पांचे गुडघे कुरकुरू लागले.

"गुरुजी, सिस्टर लई कडक हाय बगा," ते मला म्हणायचे. "सारकं वाढवूनच राहिली. पर माप पुरं पायजे."

फिरून परतताना ते आमच्याकडे थांबायचे, तांब्याभर पाणी मागायचे. भिंतीकडे तोंड करून गटागटा प्यायचे, उपरण्यानं मिशा कोरड्याठाक पुसायचे आणि मग घरी जायचे. लातूरला नळाची वाट बघण्यात निम्मा जन्म जातो. मी बायकोला म्हणायचो, अप्पा घरचं पाणी राखून आपली टाकी रिकामी करतायत. आम्ही दोघं पोटभर हसायचो.

गेल्या महिन्यात त्यांची नेहमीची रिक्षा आली नाही, म्हणून मी दोघांना माझ्या गाडीतून केंद्रात नेलं. डॉक्टर पेचात पडले होते. एवढं चालणाऱ्या बाईला चार पायऱ्या चढताना धाप का लागते? हृदयात काही दोष असेल, मोठ्या तपासण्या करू, असं त्यांचं चाललं होतं. तेवढ्यात सिस्टर आली.

"काकू, परवा सकाळी तुम्ही इथं मशीनवर होतात ना?"

"हाव."

"मग त्याच वेळी घड्याळात इतकी पावलं कशी पडली?"

केंद्रात येताना घड्याळ काकू घालायच्या, पण सुई लावताना त्यांनी ते काढून अप्पांकडे दिलं होतं. ते रिकामं बसू नये म्हणून अप्पांनी केंद्राच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या होत्या. खाटांवरची सगळी माणसं आता आमच्याकडे बघत होती. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

अप्पा आजही मनगटावर चढवलेलं घड्याळ काढू लागले. पट्टा काही सुटेना.

"ती पावलं माजी हायत, सायेब," ते म्हणाले. "हिचं रडणं बगवत न्हवतं. जन्मात कदी खोटं माप केलं न्हाई, ते हितं केलं. तपासण्या माज्या करा."

कुणी हसलं नाही. अप्पांचे कान लाल झाले होते. त्यांच्याकडे बघायची मलाच लाज वाटू लागली. डॉक्टरांनी तपासण्या लांबणीवर टाकल्या, काकूंना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच चालायला सांगितलं आणि सिस्टरला पावलं तेवढीच ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी दोघं सावकाश आमच्या दारापर्यंत आले. घड्याळ काकूंच्या हातात होतं. बायकोनं सवयीनं अप्पांपुढे तांब्या धरला.

"नगं. तहान न्हाई," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

"प्या की," काकू म्हणाल्या. "आजार माजा, अन् तहान तुमी मारताव. मला दिसू ने म्हणून हितं येऊन पिताव, मिशा पुसून घरी येताव. पर सदरा वला असतोय, ते मला दिसत न्हाई व्हय?"

अप्पा पुटपुटले, "तुज्यापुढं घोट घ्यायची लाज वाटती गं."

मी आणि बायकोनं एकमेकांकडे बघायचं टाळलं. टाकीवरून केलेली सगळी थट्टा मला आठवली आणि कुठं तोंड लपवू असं झालं.

काकूंनी तांब्या स्वतः घेतला आणि अप्पांच्या हातात दिला.

"माज्याकडं बगून प्या," त्या म्हणाल्या. "अन् सगळा प्या. माप पुरं पायजे."

अप्पा प्यायले. मिशा तशाच ओल्या ठेवून ते काकूंबरोबर कोपऱ्याकडे निघाले.