कानाने केलेली पोपटगणती

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी इतके पोपट होते की घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत कुठलंही झाड हलवा, दोन-चार उडायचेच. मग तिथली जुनी, पोकळ झाडं तोडली गेली. पोकळ झाड कुणाच्या काय कामाचं? पोपट मात्र अंडी ढोलीतच घालणार म्हणून अडून बसले. हा त्यांचा हेकटपणा. ते खाडीवरून उठले, मग पायथ्यावरून उठले. शेवटी एका दरीत, बेहड्याच्या ढोलीत, पाचू नावाची एक पोपटीण तेवढी उरली.

पाचू रोज ढोली झाडायची आणि दारात बसून साद घालायची. चहूकडून ओ यायची. एक खोकणारा म्हातारा, दोन भांडखोर जावा, एक नुकता कंठ फुटलेला पोर. यातला कुणीतरी जोडीला मिळेल, यंदा तरी ढोलीत अंडी होतील, म्हणून ती आवाजामागे उडायची. दर वेळी फांदीवर भेटायचा काळाकुळकुळीत भृंगराज. हा पक्षी नकला फार छान करतो.

"बुवा, हे सगळे आवाज तुमचेच?" एकदा तिने विचारलं.

"नाही ताई, त्यांचेच. शेजारी होते तेव्हा शिकलो. ते गेले, आवाज गळ्यात राहिले. आता टाकू कुठे?"

मग त्याने आणखी एक शीळ घातली. पाचूने ती लगेच ओळखली.

"हे आमचे मालक," ती म्हणाली. "गेल्या साली जाळ्यात सापडले."

तिला फार वाईट वाटलं, आणि ऐकत राहावंसंही वाटलं.

त्याच आठवड्यात पोपटांची गणती आली. गणतीला रानडुक्कर नेमला होता. डुकराला मान वर करता येत नाही, म्हणून ही गणती कानाने होते. पाचू त्याच्यापुढे जाऊन बसली.

"वराहराव, या जंगलात पोपट म्हणून मी एकटीच आहे."

"दोनशे चौदा आहेत," डुक्कर म्हणाला. "गेल्या खेपेपेक्षा अकरा जास्त."

"ते सगळे भृंगराजबुवा आहेत."

"असं वर कसं कळवायचं, बाई? बरं, तुम्ही ओरडून दाखवा."

पाचू ओरडली. रडून रडून तिचा गळा बसला होता. तेवढ्यात वरून भृंगराजही ओरडला, सवयीने. डुकराने दोन्हीकडे नीट कान दिला.

"वरचा अस्सल आहे," तो म्हणाला. "तुमच्यात पोपटपणा कमी पडतो." आणि त्याने वहीत नोंद केली, 'एक तोतया, वगळली.'

भृंगराज खजील झाला. "ताई, उद्यापासून मी तोंड उघडत नाही."

"तसं नको," पाचू म्हणाली. "सकाळी तेवढी मालकांची शीळ घालत जा."

त्याने शब्द पाळला. रोज सकाळी तो शीळ घालायचा आणि पाचू ढोलीतून ओ द्यायची.

पुढल्या गणतीला डुक्कर बेहड्याखाली थांबला. शीळ ऐकू आली. पाठोपाठ ओही आली, घोगरी पण स्पष्ट, त्याच फांदीवरून. त्याने दोनशे पंधरा लिहिले आणि समाधानाने पुढे गेला. ढोलीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. पण ते दिसायला मान वर करावी लागते.

तात्पर्य : बाळांनो, जाण्यापूर्वी आपला आवाज एखाद्या चांगल्या नकलाकाराकडे ठेवून जावा. म्हणजे आपण नसल्याचं कुणाला कळत नाही, आणि वगळलेलं नावही सन्मानाने परत चढतं.