शोफर म्हणजे तापवणारा

आमचे मामाजी ऑटोत बसण्याआधी ऑटोवाल्याला नमस्कार करतात. "चला, शोफरसाहेब!" मग सिविक सेंटरपासून सेक्टर दोनपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसते. शोफर हा फ्रेंच शब्द, अर्थ तापवणारा. पहिल्या गाड्या वाफेवर चालत, बॉयलर पेटवायचा तो शोफर. समोरचा हिंदीवाला असला तरी शेवट मराठीतच: "मुळात जा, मुळात!"

एक ऑटोवाला वैतागला, "काका, अपना ऑटो तो गैस पे है. भट्टी किधर है?"

मामाजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "इधर!"

मामाजी म्हणजे माझे सासरे. सारी नोकरी पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्टीच्या धगीत गेली. रिटायर झाल्यावर भट्टीचं कोणी विचारेना. तशात नातीनं मोबाइलवर हा शब्द दाखवला. भाजीवालीला सांगून झालं, पोस्टमनला झालं. दातांच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असतानाच सांगितलं.

मला मात्र हसू येत नसे. मी ड्रायव्हर आहे. रायपूरच्या एका शेटजींची गाडी चालवतो. चारचौघांत "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" म्हणायचो. मामाजींनी तो शब्द काढला की वाटायचं, आता माझ्याकडे बोट दाखवतील.

दुर्गला नात्यातलं लग्न होतं. निघताना मी म्हणालो, "मामाजी, आज तो शब्द नको."

"कावून?"

"पाहुणे हसतात."

"बरं जवाईबापू. पाहुण्याईत नाई काढत."

खरंच नाही काढला. पंगत बसली आणि कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर लोकांचं जेवण मागं, मंडपाच्या बाहेर!" मी कोट सावरला, खाली मान घालून पुरी तोडली. शेजारची खुर्ची सरकली. मामाजी ताट घेऊन निघाले होते.

बराच वेळ आले नाहीत, तेव्हा मागे गेलो. गाड्यांच्या मध्ये सतरंजीवर ड्रायव्हर जेवत होते आणि मधोमध मामाजी, हातवारे करत. "मुळात जा, मुळात!"

मला बघून ओशाळले. "पाहुण्याईत नाई काढला, जवाईबापू. हे तं आपले लोक हायेत."

एकानं माझ्या कोटाकडे बघत विचारलं, "ये साहब कौन हैं, काका?"

मामाजी अगदी मन लावून वरण कालवू लागले.

"मैं भी ड्रायव्हर हूँ," मी म्हणालो.

"शोफर!" मामाजींनी तोंडातला घास न गिळताच दुरुस्त केलं, आणि सरकून मला जागा दिली.